पैठणच्या गंधिकाचा खांब

वेरूळ-अजिंठ्याचा विषय निघाला की ‘हे कोणत्या राजाने कोरून घेतले?’ हा प्रश्न ठरलेला. प्रश्न गैर नाही. कैलास लेण्याशी राष्ट्रकूट कृष्णराजाचे नाव जोडलेले आहे, आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा प्रधान वराहदेव याचा लेख आहे. पण आपल्या जिल्ह्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक असलेल्या पितळखोऱ्याला जा. तिथे राजा शोधूनही सापडत नाही. तिथे भेटतो एक अत्तरवाला.

कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरात, शहरापासून साधारण ऐंशी किलोमीटरवर ही लेणी आहेत. पठारावरून पायऱ्या उतरत दरीत जावे लागते. पावसाळ्यात धबधब्याचा आवाज आधी येतो, लेणी नंतर दिसतात. इथल्या चैत्यगृहातल्या दोन खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दोन छोटे लेख आहेत. एकाचा अर्थ असा, की पैठणच्या मितदेव गंधिकाच्या कुळाने हा खांब दान दिला. दुसऱ्या खांबाचे दाते संघकाचे पुत्र, तेही पैठणचेच. काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाचा.

गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आजचे गांधी हे आडनाव त्याच शब्दाचे वंशज. मितदेवाचे सारे चरित्र या एका ओळीत आहे: गाव, नाव, धंदा आणि दान. मला त्यातला ‘कुळ’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. दान एकट्या मितदेवाचे नाही, घराण्याचे आहे. दुसऱ्या खांबावरही मुलगे एकत्र आहेत. पिढीजात पेढी चालवणारी माणसे जशी व्यवहारात एकत्र, तशीच पुण्यातही.

पैठणच्या व्यापाऱ्याने इतक्या लांब, डोंगरात खांब का द्यावा? त्याचे उत्तर वाटेत आहे. पैठणचा माल घाट उतरून खानदेशात आणि तिथून भडोचच्या बंदराकडे जात असे. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या माहितीपुस्तकात पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. पैठणचे गोमेदासारखे मौल्यवान दगड आणि तगर म्हणजे आजच्या तेरचे कापड गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून तिथे पोचे. अशा वाटेवर भिक्षूंचा विहार म्हणजे ओळखीचे ठिकाण. धर्मश्रद्धा होतीच, ती मी कमी लेखत नाही. पण व्यापाऱ्याची श्रद्धा त्याच्या वाटेवरच उभी राहिली, हेही खरे.

दानाचा व्यवहार किती नेटका असे, हे पुढच्या काळातल्या नाशिकच्या लेण्यांत कळते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण दिले, पण ते रोख हाती ठेवले नाहीत. कोष्टींच्या दोन श्रेणींकडे दोन हजार आणि एक हजार असे कायम ठेवीत गुंतवले. मुद्दल हलवायचे नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च भागवायचा. आजच्या विश्वस्त निधीचे हे पणजोबाच म्हणायचे!

पितळखोऱ्यात व्यापाऱ्यांच्या शेजारी राजवैद्य मगिल आणि त्याची मुलगी दता, मुलगा दतक यांचीही दाने आहेत. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात घनामदड नावाच्या वाण्याचे दान नोंदलेले आहे. वर्गणी काढून देऊळ बांधावे, तशी ही कला उभी राहिली. कुणी खांब दिला, कुणी दर्शनी भाग, कुणी खोली. एकाच धनिकाच्या नावाने सबंध वास्तू, ही कल्पना इथे बसत नाही. आपल्याकडे चिकलठाणा-वाळूजच्या उद्योगांनी नाटक-संगीताला हात दिला की मंचावर केवढा मोठा फलक लागतो! मितदेवाच्या घराण्याने समाधान मानले ते एका ओळीवर.

ही ओळ वाचली, हाच नशिबाचा भाग. पितळखोऱ्याचा दगड ठिसूळ. पाणी मुरून दर्शनी भाग कोसळले, खांब झिजले, अनेक खांब आता नव्याने बांधलेले दिसतात. त्या काळच्या कारागिरांना पाण्याची जाण नव्हती असे नाही. विहाराबाहेर कोरलेल्या नागाच्या फण्यांतून डोंगरातले पाणी बाहेर काढण्याची सोय त्यांनी केली होती. तरी डोंगर डोंगरच.

१९५० च्या दशकात म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली इथला ढिगारा उपसला गेला. ते पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. त्या ढिगाऱ्यातून डोक्यावर वाडगे धरलेला, पोट सुटलेला, खुशीत हसणारा एक यक्ष बाहेर आला. त्याच्या तळहातावर अक्षरे निघाली: कन्हदास नावाच्या सोनाराने ही मूर्ती केली. दात्यांची नावे अनेक लेण्यांत मिळतात, करणाऱ्याचे नाव क्वचित. त्यातून हा सोनार दगडात उतरलेला. यक्षाच्या अंगावरचे दागिने बघितले, की त्याचा हात कशावर बसलेला होता ते कळते. यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गंधिकाचा खांब मात्र कन्नडच्या दरीतच उभा आहे. पावसाळा सरला की पाहून घ्यावा. लेख डोळ्यांना सहज दिसत नाही, विजेरी सोबत न्यावी.