भगंदराची वाट : सुश्रुत, गुडसॉल आणि त्यानंतर

भगंदराचं दुखणं आपल्याकडे लाजेपोटी लपवलं जातं. बीडहून ऊसतोडीला गेलेला माणूस पू वाहत असला तरी हंगाम संपेपर्यंत अंगावर काढतो. मग शस्त्रक्रिया होते, आणि काहींना पुन्हा तेच. का? कारण बाहेरचं तोंड दिसतं, आतलं सहज दिसत नाही. आतलं राहून गेलं तर आजार उलटतो. वाट मोकळी करताना स्नायू जास्त कापला गेला, तर शौचावरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून चाकू लावण्याआधी वाट ओळखायची.

हा विचार जुना आहे. सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार आहेत. तोंड आत आहे की बाहेर हे पाहावं, एषणी म्हणजे सळई घालून मार्ग शोधावा, मग शस्त्र चालवावं, असा तिथला क्रम.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले डेव्हिड गुडसॉल यांनी १९०० साली माइल्स यांच्यासोबतच्या ग्रंथात एक आडाखा मांडला. गुदद्वाराच्या मधोमध आडवी रेघ कल्पा. बाहेरचं तोंड रेघेच्या पुढे असेल तर वाट सरळ आत जाते. मागे असेल तर वळसा घेऊन मागच्या मध्यरेषेवर उघडते. पुढचं तोंड फार लांब असेल, तर तीही वाट मागे वळू शकते.

लक्षात ठेवायला सोपा, म्हणून हा नियम जगभर शिकवला गेला. पण १९९२ साली अमेरिकेत २१६ रुग्णांवर तो ताडून पाहिला. मागच्या तोंडांबाबत ९० टक्के खरा ठरला, पुढच्यांबाबत जेमतेम ४९ टक्के. म्हणजे नाणेफेकच!

दरम्यान १९७६ साली त्याच सेंट मार्क्समध्ये ॲलन पार्क्स यांनी ४०० रुग्ण अभ्यासून प्रश्नच बदलला. वाट कुठे उघडते एवढंच नाही, तर ती कोणत्या स्नायूतून जाते? पुढे एमआरआयमुळे हे शस्त्रक्रियेआधीच दिसू लागलं.

मग गुडसॉल मोडीत निघाला का? नाही. अनुभवी बोटांची तपासणी आणि हा आडाखा आजही पहिली पायरी आहे. मात्र आडाखा म्हणजे नकाशा नव्हे. वाट गुंतागुंतीची वाटली, आजार उलटून आला, तर एमआरआय करून घ्यावा. आणि रुग्णानं डॉक्टरांना एक प्रश्न बिनधास्त विचारावा : 'माझी वाट स्नायूतून किती जाते?' लाज बाळगून हा प्रश्न गिळू नका.