एका यादीवर तोललेले जाळे

विंडोज असो, मॅक असो वा लिनक्स. आजच्या संगणकात ‘होस्ट्स’ नावाची एक लहानशी मजकूर-फाइल असतेच. बहुतेकांनी ती कधी उघडूनही पाहिलेली नसते. या फाइलची पूर्वज असलेली यादी एके काळी साऱ्या नेटवर्कसाठी एकच होती. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एका कार्यालयात मूठभर माणसे ती सांभाळत असत.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे ‘अर्पानेट’वरचा पहिला संदेश गेला. त्या वर्षअखेरीस जाळ्यावर चार केंद्रे होती. चार यंत्रांची नोंद ठेवायला वही कशाला हवी? सगळे सगळ्यांना ओळखत होते.

ओळखीवर चालणारा हा कारभार तीन वर्षेही पुरला नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत अर्पानेटचे पहिले मोठे जाहीर प्रात्यक्षिक व्हायचे होते. कोणत्या केंद्रावर कोणते यंत्र आहे, त्यावर काय चालते आणि अडचण आली तर कोणाला विचारावे, हे सांगणारी पुस्तिका त्यासाठी हवी होती. डग्लस एंगेलबार्ट यांनी ते काम एलिझाबेथ फायनलर यांच्यावर सोपवले. फायनलर मूळच्या जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी. रासायनिक संशोधनाच्या प्रचंड संदर्भसूचीवर काम करून त्या माहितीशास्त्राकडे वळल्या होत्या. संगणकतज्ज्ञ म्हणून त्यांची निवड झालेली नव्हती, आणि ते बरेच झाले. यंत्र बांधणाऱ्याला स्वतःचे यंत्र तोंडपाठ असते, म्हणून ते लिहून ठेवावे असे त्याला सहसा वाटत नाही.

तरीही छापील पुस्तिकेने मूळ दुखणे हटले नाही. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी ‘आरएफसी ६०६’ हे टिपण प्रसृत केले. (आरएफसी म्हणजे जाळ्याच्या घडणीविषयी अभियंते एकमेकांना पाठवीत ती क्रमांकित टिपणे, पुढे त्यांतूनच इंटरनेटचे नियम ठरत गेले.) त्यांची तक्रार रोकठोक होती. प्रत्येक केंद्र यंत्रांची नावे व पत्ते यांची आपापली यादी ठेवते आणि ती बहुधा शिळी असते. ज्या चार केंद्रांवर त्यांचा वावर होता, तेथील याद्याही एकमेकींशी जुळत नव्हत्या. मग सर्वांना यंत्राद्वारे वाचता येईल अशी एकच अधिकृत यादी का नसावी?

उत्तर लवकर मिळाले. १९७४ च्या पहिल्या काही महिन्यांतच स्टॅनफर्डच्या माहिती केंद्राने ही जबाबदारी घेतली. त्याच वर्षी केंद्राची सूत्रे फायनलर यांच्याकडे आली आणि १९८९ पर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. नवे यंत्र जोडणाऱ्याने केंद्राला कळवायचे, केंद्राने यादीत ओळ घालायची आणि बाकीच्यांनी ताजी प्रत उतरवून घ्यायची, अशी ही व्यवस्था.

मार्च १९८२ च्या ‘आरएफसी ८१०’ मध्ये त्या ओळीचा नमुना काटेकोरपणे सांगितला आहे. आधी नोंदीचा प्रकार, मग पत्ता, नाव व टोपणनावे, मग यंत्राची जात, कार्यप्रणाली आणि शेवटी त्याला कळणाऱ्या संवादपद्धती; मध्ये विसर्गचिन्हे. शाळा-कचेऱ्यांतील डेडस्टॉक रजिस्टर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे रकाने अगदी ओळखीचे वाटतील. यंत्राचे नावही मन मानेल तसे लिहिण्याची मुभा नव्हती. जातीचे अधिकृत नाव फार तर ४० अक्षरांचे, मोठ्या रोमन लिपीत, आरंभी अक्षरच हवे. हा काच जाचक वाटतो खरा. पण एकाच व्हॅक्स यंत्राची तीन प्रकारे नोंद झाली, तर शोधणाऱ्याच्या दृष्टीने ती तीन यंत्रे होतात.

ऑगस्ट १९८१ मध्ये यादीत २१३ यंत्रे होती. दोन वर्षांनी ५६२. ऑक्टोबर १९८४ मध्ये १,०२४. यंत्रे दुप्पट झाली की यादी दुप्पट लांब होई आणि ती उतरवून घेणारेही दुप्पट होत. म्हणजे वाहतुकीचा भार चौपट. त्याहून मोठी अडचण अधिकाराची होती. आपल्याच इमारतीतील यंत्राचे नाव बदलले, तरी मेन्लो पार्कची ओळ बदलेपर्यंत जगाच्या लेखी ते बदललेले नसे.

नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ‘डोमेन नेम सिस्टिम’चा आराखडा मांडला आणि एका वहीच्या हजारो वह्या झाल्या. ज्याची यंत्रे, त्याची नोंद. नाव व पत्ता यांबरोबर यंत्राची जात आणि कार्यप्रणाली यांनाही नव्या रचनेत जागा मिळाली. दोन रकान्यांच्या त्या नोंदीला ‘एचइन्फो’ म्हणतात.

येथून एकाच ओळीच्या दोन तुकड्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नाव-पत्ता क्षणोक्षणी वापरला जातो. तो चुकला तर पत्र पोहोचत नाही, तक्रार येते आणि दुरुस्ती होते. यंत्राच्या जातीचा उपयोग मुख्यतः दोन समान यंत्रांमध्ये फाइल पाठवताना जवळची वाट धरण्यापुरता होता. ती गरज ओसरली, रकाना वाचणारे कोणी उरले नाही, आणि चुकला तरी कोणाचे काही अडेना. शिवाय आपल्याकडे कोणते यंत्र आहे हे चव्हाट्यावर मांडणे धोक्याचे ठरू लागले. १९८६ मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत सापडली. तिचा माग काढताना क्लिफर्ड स्टोल एका घुसखोरापर्यंत पोहोचले. हा घुसखोर माहिती केंद्राच्या खुल्या निर्देशिकेत ‘सीआयए’ शोधून माणसांची नावे मिळवताना त्यांना दिसला. मित्रांसाठी लिहिलेली वही चोरही वाचत होता.

त्यामुळे यंत्रांचा तपशील पुन्हा संस्थांच्या बंद दारांआड गेला. आज दस्तऐवजीकरणाच्या प्रणालींत नाव, बनावट, अनुक्रमांक, जागा, हमीची मुदत, जबाबदार व्यक्ती असे रकाने भरले जातात. जाळ्यावर कोणती यंत्रे जागी आहेत हे अशा अनेक प्रणाली स्वतः शोधतात. मात्र कोपऱ्यातला जुना सर्व्हर कोणासाठी चालू आहे आणि तो बंद केला तर कोणाचे काम थांबेल, हे अजूनही कोणाला तरी विचारूनच लिहावे लागते. फायनलर यांनी १९७२ मध्ये नेमके तेच विचारले होते.

‘एचइन्फो’ मात्र मेली नाही. कोणी ‘या नावाची असेल नसेल ती सगळी माहिती द्या’ असे विचारले, तर त्याला थोडक्यात वाटेला लावण्याची एक रीत जानेवारी २०१९ मध्ये ठरली. त्यासाठी ही जुनी नोंद पुन्हा उपयोगात आली. ज्या रकान्यात पूर्वी यंत्राची जात लिहीत, तेथे आता त्या टिपणाचाच क्रमांक येतो, ‘आरएफसी ८४८२’; कार्यप्रणालीचा रकाना रिकामा असतो.