प्रस्तावना: चांद्याच्या मंडळीकडे पाहताना

चंद्रपूर-गडचिरोलीच्या ख्रिस्ती समाजाचा अभ्यास करायला बसलं की पहिली अडचण भाषेची येते. मंडळी उपासना करते मराठीत, खाली सिरोंच्याकडे तेलुगूत. तिचे जुने कागद मात्र इंग्रजीत, आणि तेही बहुतेक स्कॉटलंडच्या देणगीदारांना लिहिलेले. देणगीदाराला लिहिलेल्या पत्रात पीक नेहमी कापणीला आलेलं असतं. दुष्काळ असला तरी.

या विषयात नव्याने उतरणाऱ्यांसाठी ही पानं आहेत. आधी माझी बाजू सांगतो. मी जुन्या वळणाचा ख्रिस्ती आहे. प्रेषितांचा मतांगीकार म्हणताना मी एकही ओळ मनातल्या मनात गाळत नाही. असा माणूस आपल्याच समाजाचा इतिहास निःपक्षपातीपणे कसा लिहील, ही शंका रास्त आहे. पण ‘धर्मांतर म्हणजे तांदूळ आणि शाळा, बाकी काही नाही’ असं ठरवून येणारा अभ्यासकही काही कोरा येत नाही. दोघांनीही आपापला चष्मा टेबलावर काढून ठेवावा आणि कामाला लागावं.

चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, मिशन चालवलं ते स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने. हे चर्च आपल्याच देशात अल्पसंख्य. तिथे जोर प्रेसबिटेरियनांचा. स्वतः अल्पसंख्य असलेल्यांनी इथे येऊन आणखी एक अल्पसंख्य मंडळी उभी केली, ही गोष्ट अभ्यासकांनी फारशी मनावर घेतलेली नाही. या मिशनात सुरुवातीच्या काळात काही दिवस होते नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे. काशीत वाढलेले चित्पावन पंडित, 1848 साली बाप्तिस्मा घेतलेले, षड्दर्शनांचं खंडन करणारा ‘षड्दर्शन दर्पण’ हिंदीत लिहिणारे. त्यांच्या वादविवादांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं लक्ष जातं ते त्यांच्या घराकडे. 1853 साली मुलगी झाली, लक्ष्मी. आई लगेच गेली. मुलगी वाढली परक्यांच्या घरात, आधी एका निळीच्या मळेवाल्याकडे, मग एका इंग्रज पाद्र्याकडे. एलेन लक्ष्मी गोरे म्हणून तिने इंग्रजीत गीतं लिहिली, ती जगभर गायली गेली. पुढे भारतात परतून ती डीकनेस झाली. बाप हयातभर शास्त्रार्थ करत फिरला. श्रद्धेपायी घर सोडणाऱ्याचं आपण कौतुक करतो, पण त्या घरातल्या लहान मुलाचं काय झालं हे विचारत नाही. कुटुंबावर रविवारी एवढं बोलणाऱ्या आम्हा जुन्या वळणाच्या लोकांनी तरी ते विचारायला हवं होतं.

दुसरं नाव याच मिशनातले मिशनरी अॅलेक्स वुड यांचं. ‘इन अँड आउट ऑफ चांदा’ हे त्यांचं 1906 चं पुस्तक या विषयाचं दार आहे. त्यातूनच आत जावं लागतं. वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. अँग्लिकन पाद्री व्हेरियर एल्विन मंडला भागातल्या गोंडांमध्ये राहायला निघाले तेव्हा याच वुड यांनी त्यांना धर्मसेवेचा परवाना नाकारला. एल्विन काँग्रेसच्या बाजूचे, सरकारनिष्ठेची शपथ घ्यायला तयार नव्हते. माझ्या मते इथे वुड चुकले. परंपरा राखणं वेगळं आणि सरकार राखणं वेगळं. या गल्लतीची किंमत मंडळीने स्वातंत्र्यानंतर चुकवली.

ती किंमत समजायची तर 1956 या एकाच वर्षापाशी थांबावं लागतं. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. आमच्या घरांत या अहवालाचं नाव काढलं की अजून आवाज चढतात. तरी नव्या अभ्यासकाने तो पूर्ण वाचावा. आरोपपत्र म्हणून नव्हे, साक्ष म्हणून. शेजारी आपल्याविषयी काय बोलत होते, हे मिशनच्या अहवालांत सापडत नाही, ते तिथे सापडतं. मग ऑक्टोबर उजाडला. 14 तारखेला नागपुरात आणि 16 तारखेला खुद्द चांद्यात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली. नागपुरात दीक्षा घेणाऱ्यांत भवानीशंकर नियोगी स्वतः होते. धर्मांतराची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्तींनी त्याच वर्षी स्वतः धर्म बदलला! आणि 1 नोव्हेंबरला जिल्हा मुंबई राज्यात गेला.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याची सवलत जाते; 1990 पासून बौद्ध झालेल्याला ती मिळते. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. त्यामुळे एकाच आजोबांचे नातू कागदावर वेगवेगळ्या रांगांत उभे राहतात. लग्नं जुळवताना याचा विचार होतो, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही.

कॅथलिक काम इथे 1962 पासून केरळच्या सीरो-मलबार धर्मगुरूंकडे आलं आणि 1977 साली चांदा हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. अँग्लिकन मंडळी 1970 साली नागपुरातच स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली, सिरोंच्याकडे मेथडिस्ट. गडचिरोली 1982 साली वेगळा जिल्हा झाला, पण जुनी कागदपत्रं शोधायची तर ‘चांदा’ याच नावाखाली शोधा.

आणि एक विनंती. घरात आजीचं जुनं पवित्र शास्त्र असेल तर त्याचं पहिलं कोरं पान उघडून पाहा. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या तारखा बहुधा तिथेच टिपलेल्या असतात, कधी मोडीत, कधी तेलुगूत. इथला पावसाळा दमट, वाळवी फार. या उन्हाळ्यातच त्या पानाचा फोटो काढून ठेवा.