खाली उतरणारं यंत्र

आमच्या गंगाखेडला हेलिकॉप्टर येतं ते बहुतेक वेळा निवडणुकीत. मैदानावर चुन्यानं मोठा गोल आखतात, मधोमध इंग्रजी एच काढतात. पोलीस पोरांना हाकलतात, पोरं फिरून जमतात. मग तो आवाज येतो, धुरळा उठतो, मांडवाची कनात फडफडते आणि पुढारी डोकं वाकवून खाली उतरतो. मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. दादी अंगणात गहू निवडत बसली होती. वर न बघताच तिनं विचारलं, ‘‘ऊपर कौन चक्की पीसरा रे?’’ जनाबाईच्या गावात आभाळातही जातंच फिरणार, दुसरं काय!

अब्बांना मात्र आभाळातला कुठलाच आवाज आवडत नसे. १९४८ च्या सप्टेंबरात, हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईच्या त्या पाच दिवसांत, त्यांनी पोरवयात विमानं पाहिली होती. विमान आलं की घरात शिरायचं, एवढं त्यांच्या अंगात मुरलं होतं. त्या वेळी आपल्या हवाई दलाकडे हेलिकॉप्टर नव्हतंच. पहिलं आलं ते १९५४ साली, अमेरिकन बनावटीचं एस-५५.

अब्बांचं विमान आणि दादीची चक्की यांत एक फरक आहे, आणि आज मला त्याविषयीच बोलायचं आहे. विमान वरून येतं आणि वरूनच जातं. हेलिकॉप्टरला खाली यावं लागतं. लढाईत त्याचा जो उपयोग आहे तो या खाली येण्यात आहे, आणि ते पडतं तेही बहुतेक याच वेळी.

हेलिकॉप्टर लढाईत पहिल्यांदा माणसाच्या उपयोगी पडलं ते आपल्याच बाजूला. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४४ मध्ये, ब्रह्मदेशाच्या जंगलात जपानी फौजेच्या पिछाडीला एक छोटं विमान कोसळलं. त्यात एक अमेरिकन वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. आसामातल्या लालाघाटच्या धावपट्टीवरून लेफ्टनंट कार्टर हार्मन नावाचा तरुण सिकोर्स्कीचं हेलिकॉप्टर घेऊन निघाला. ते यंत्र इतकं अशक्त होतं की चालवणारा सोडून फक्त एकच माणूस त्यात मावे. त्यानं एकेकाला उचललं. मधेच इंजिन तापून बसलं. पण चौघंही बाहेर निघाले. हेलिकॉप्टरच्या लढाईतल्या इतिहासाचं पहिलं पान हे असं आहे: त्यावर गोळी झाडल्याची नोंद नाही, जखमी उचलल्याची आहे.

एकच माणूस का? याचं उत्तर परभणीकराला लवकर कळावं. हेलिकॉप्टरचा पंखा हवा खाली ढकलतो आणि त्या जोरावर यंत्र वर उचललं जातं. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंख्याला पकड मिळत नाही आणि इंजिनचाही दम कमी पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा हेच यंत्र जानेवारीपेक्षा कमी ओझं उचलतं. उंच पहाडावर थंडी असली तरी हवा मुळातच विरळ, म्हणून तिथंही तीच रड. लष्करी हेलिकॉप्टरचा निम्मा इतिहास हा या ओझ्याच्या हिशेबाचा इतिहास आहे.

कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना बाहेरून स्ट्रेचर बांधून जखमींना इस्पितळात नेलं. व्हिएतनाममध्ये अमेरिकेनं संपूर्ण पलटणीच हेलिकॉप्टरमधून रानात उतरवल्या, त्यांच्यावर मशीनगन आणि रॉकेटं बसवली. तिथं सुमारे बारा हजार हेलिकॉप्टरं वापरली गेली आणि त्यांतली जवळजवळ पाच हजार नष्ट झाली. हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा पुन्हा तपासून बघतो.

आपल्याकडची मोठी गोष्ट १९७१ ची. पूर्व पाकिस्तानात आगरतळ्याच्या बाजूनं लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांचं सैन्य पुढं सरकत होतं. ७ डिसेंबरला त्यांनी गुरखा पलटण हेलिकॉप्टरनं सिल्हेटजवळ उतरवली होतीच. आता समोर मेघना नदी आडवी होती, एक किलोमीटरहून रुंद. तिच्यावरचा भैरव बाजारचा रेल्वे पूल पाकिस्तानी फौजेनं ९ डिसेंबरला माघार घेताना उडवून दिला. मेघना ओलांडून ढाक्याकडे जा, असा स्पष्ट हुकूम सगत सिंगांजवळ नव्हता. पण त्यांच्याजवळ ग्रुप कॅप्टन चंदन सिंग होते आणि रशियन बनावटीची डझनभर एमआय-४ हेलिकॉप्टरं होती. पूल नाही तर नाही, हवेतला पूल बांधू, असं त्यांनी ठरवलं. त्याच दिवसापासून ब्राह्मणबाडियाहून जवान उचलायचे आणि पलीकडे रायपुऱ्याला उतरवायचे, अशा फेऱ्या सुरू झाल्या. एका फेरीत जेमतेम दहा-पंधरा माणसं. रात्र झाली तरी फेऱ्या थांबल्या नाहीत. उतरायची जागा दाखवायला खाली माणसं हातात विजेऱ्या घेऊन उभी. जे हेलिकॉप्टरमध्ये मावलं नाही ते गावकऱ्यांनी आपल्या होड्यांमधून पार केलं. पुढं नरसिंगदी, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती.

ही गोष्ट ऐकताना ऊर भरून येतो, येऊ द्यावा. पण ती यशस्वी का झाली हेही बघावं. पलीकडच्या काठावर या हेलिकॉप्टरांची वाट बघत कुणी बसलेलं नव्हतं. वरती पाकिस्तानचं हवाई दल उरलं नव्हतं. खाली उतरण्याचा तो नाजूक क्षण मोकळा मिळाला.

सोळा वर्षांनी तो मोकळा मिळाला नाही. ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेत जाफना विद्यापीठाच्या मैदानावर आपली एमआय-८ हेलिकॉप्टरं उतरली. तमिळ वाघांच्या पुढाऱ्यांना एका झडपेत पकडायचं, असा बेत होता. वाघांनी आपले बिनतारी संदेश आधीच ऐकले होते. ते दबा धरून बसले होते. सुमारे शंभर कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जवान उतरले आणि मग मारा इतका वाढला की पुढच्या तुकड्या उतरवताच आल्या नाहीत. त्या तीसांपैकी एकोणतीस मारले गेले, एक कैद झाला. मेघनेच्या काठी जी युक्ती होती तीच ही युक्ती. फरक एवढाच, की खाली कुणीतरी वाट बघत होतं.

या दोन गोष्टींच्या मधे सियाचीनची गोष्ट येते, आणि तिथं एक मराठी नाव आहे. १३ एप्रिल १९८४, बैसाखीचा दिवस. कुमाऊँ रेजिमेंटचे कॅप्टन संजय कुलकर्णी यांना चीता हेलिकॉप्टर बिलाफोंड ला या खिंडीजवळ घेऊन गेलं. खाली नुसता बर्फ. तो कडक आहे की भुसभुशीत, हे वरून कळेना. तेव्हा आधी पिठाचं पोतं खाली टाकून पाहिलं. पोतं फारसं रुतलं नाही, मग माणसांनी उड्या टाकल्या. सतरा फेऱ्यांमध्ये एकोणतीस माणसं तिथं पोचली. पाठोपाठ हिमवादळ आलं आणि ती तुकडी जगापासून तुटली. थंडीनं त्यांच्यातल्या बहुतेकांची बोटं खाल्ली. पण खिंड हातात राहिली. एका पोत्याच्या अंदाजावर आपली सगळ्यांत उंच रणभूमी उभी राहिली आहे, असं म्हटलं तर कुलकर्णी साहेब रागावणार नाहीत असं वाटतं.

चीता हे मूळचं फ्रेंच लामा हेलिकॉप्टर, आपल्याकडे बंगळूरला बांधलेलं. लामानं १९७२ साली १२ हजार ४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला. त्या उंचीवरून परतताना त्याचं इंजिन बंद पडलं आणि वैमानिकानं ते नुसत्या फिरत्या पंख्यावर खाली आणलं. अशा यंत्राच्या भरवशावर सियाचीनच्या चौक्या जगतात. वीस हजार फुटांच्या वर चीता एका खेपेत वीस-पंचवीस किलो ओझं नेऊ शकतं. म्हणजे रॉकेलचा एखादा डबा आणि टपालाची पिशवी. उतरायची जागा आपल्या बैठकीतल्या सतरंजीएवढी. इंजिन बंद करायचं नाही, कारण बंद केलं तर त्या थंडीत पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही.

आमच्या गल्लीतला एक जण फौजेत होता, तो तिथल्या एका चौकीत तीन महिने राहून आला. सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला विचारलं, हेलिकॉप्टर आलं की आधी काय घ्यायचे, रॉकेल का पत्र? तो हसला. म्हणाला, ‘‘चाचा, आधी आजारी माणूस आत टाकायचा. बाकी ते फेकून देतात, मग आपण वेचायचं.’’ कुणी आजारी पडलं आणि हवा खराब असली, तर ते सगळे रात्रभर कान लावून बसत.

कारगिलमध्ये १९९९ साली आपण एमआय-१७ हेलिकॉप्टरांना रॉकेटं लावून शिखरांवर पाठवलं. २८ मे रोजी खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रानं त्यांतलं एक पाडलं. चौघं गेले. त्यानंतर शिखरांवरच्या हल्ल्याचं काम लढाऊ विमानांनी वरून केलं आणि हेलिकॉप्टरं आपल्या जुन्या धंद्याला लागली: जखमी खाली, दारूगोळा वर.

मुंबईची गोष्ट तर आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिली. २८ नोव्हेंबर २००८ ची सकाळ, कुलाब्याच्या नरिमन हाउसच्या गच्चीवर एमआय-१७ घिरट्या घेत थांबलं आणि दोरावरून कमांडो खाली घसरले. आजूबाजूच्या इमारतींवर माणसं, रस्त्यावर माणसं, घराघरांत आपण. ते चित्र बघताना मला अभिमान वाटला होता. मग चार वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानं कसाबच्या खटल्याच्या निकालात वाहिन्यांच्या त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं: सीमेपलीकडे बसून फोनवरून हुकूम सोडणारेही तोच टीव्ही बघत होते. जाफन्यात शत्रूला संदेश चोरून ऐकावे लागले. इथं आपणच ते घरपोच केले. नरिमन हाउसमध्ये कमांडो गजेंद्र सिंग शहीद झाले.

त्याच महिन्यात आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या बीजापूर जिल्ह्यात मतदान पथकासाठी गेलेल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर नक्षलवाद्यांनी गोळ्या झाडल्या. त्यात सार्जंट मुस्तफा अली ठार झाले. ते यंत्राची देखभाल करणारे, फ्लाइट इंजिनियर. आमच्याकडे हेलिकॉप्टरमधून पुढारी उतरतो. त्या रानात त्याच निवडणुकीच्या कामासाठी एक माणूस जीव देऊन गेला. निवडणुकीचा चुन्याचा गोल पाहिला की मला हल्ली हे नाव आठवतं.

हेलिकॉप्टरवर लढणं शिकवणारी लष्कराची शाळा आपल्या नाशिकला आहे, गांधीनगरच्या विमानतळावर, २००३ पासून. तोफखान्याचे अधिकारी छोट्या विमानांतून तोफांचा नेम सांगायचे, त्या पथकांतून १९८६ साली लष्कराचं स्वतंत्र हवाई दळ झालं. त्यामुळे देवळालीच्या शेजारी ही शाळा असणं मला साजेसं वाटतं. मे २०२२ मध्ये इथूनच कॅप्टन अभिलाषा बराक या दळाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक होऊन बाहेर पडल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रचंड हे देशी बनावटीचं लढाऊ हेलिकॉप्टर हवाई दलात आलं, २०२५ मध्ये लष्कराला अमेरिकन अपाचे मिळाली. ही सगळी बातमी पहिल्या पानावर येते.

आतल्या पानावर आलेली एक बातमी मी कापून ठेवली आहे. २०१५ साली लष्करी वैमानिकांच्या पत्नी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना भेटल्या. चीता आणि चेतक ही साठच्या दशकातल्या रचनेची हेलिकॉप्टरं वारंवार कोसळतात, ती आता उडवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. शत्रूनं पाडलेल्या हेलिकॉप्टरांविषयी त्या बोलत नव्हत्या. शांततेच्या दिवसांत, रोजच्या फेरीला निघून घरी न आलेल्यांविषयी बोलत होत्या. जी हेलिकॉप्टरं सियाचीनला रॉकेल नेतात, तीच ही. त्यांच्या जागी नवी येईपर्यंत चौक्या बंद ठेवता येत नाहीत, म्हणून जुनी उडत राहिली. या बायकांचं म्हणणं मला अपाचेच्या बातमीपेक्षा मोठं वाटतं.

युक्रेनच्या युद्धाच्या पहिल्याच दिवशी, २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियानं कीव्हजवळच्या होस्टोमेल विमानतळावर हेलिकॉप्टरांमधून सैनिक उतरवले. काही हेलिकॉप्टरं पडली, उतरलेल्यांच्या पाठोपाठ मोठी विमानं यायची ती आलीच नाहीत. आता तर ड्रोन आलेत. टेहळणीची आणि माऱ्याची पुष्कळ कामं ड्रोन करू लागलं आहे. पण आजारी जवानाला बर्फावरून उचलून दवाखान्यात न्यायचं काम अजून हेलिकॉप्टरचंच आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कोसळला. गोदावरी फुगली होती, आमच्या घाटाच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. धाराशिव जिल्ह्यात परंड्याच्या बाजूला पाण्यात अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढत असल्याचं मोबाइलवर दिसत होतं. बायको माझ्या खांद्यावरून बघत होती.

‘‘किती जणं बसतात हो त्यात?’’ तिनं विचारलं.

मी म्हणालो, ‘‘हवा कशी आहे त्याच्यावर आहे.’’