कोइंब्रा, गोवे, वसई : ग्रंथालय आणि मराठी संहितांचे भवितव्य

१

विद्यापीठाचा इतिहास सामान्यतः अध्यापकांचा, अभ्यासक्रमांचा आणि पदव्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ग्रंथालय त्यात परिशिष्टासारखे येते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र हा क्रम उलटा करून पाहावा लागतो. अध्यापन त्या त्या पिढीबरोबर संपते. पुढील पिढीच्या हाती उरते ती संहिता. आणि ती कोठे, कोणत्या लिपीत, कोणाच्या मालकीखाली राहिली यावर वाङ्मयेतिहासाची रचना अवलंबून असते. मराठीपुरता हा प्रश्न तपासण्यासाठी आजच्या पालघर जिल्ह्यातील वसई आणि पोर्तुगालमधील कोइंब्रा यांचा संबंध विशेष उपयुक्त आहे. या दोन ठिकाणांना जोडणारी शिक्षणव्यवस्था एक होती. ग्रंथांचे भवितव्य मात्र सर्वस्वी भिन्न ठरले. हा फरक का पडला आणि मराठी संहितांच्या संदर्भात त्याचा अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

पोर्तुगालचे विद्यापीठ राजा दिनिश याने १२९० मध्ये स्थापन केले. पुढील अडीच शतकांत ते लिस्बन आणि कोइंब्रा यांच्यामध्ये अनेकदा हलवले गेले. १५३७ मध्ये तिसऱ्या जुआंवने ते कोइंब्रा येथे कायमचे स्थिर केले. त्याच राजाच्या कारकिर्दीत, तीन वर्षे आधी, डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली होती. विद्यापीठाचे स्थैर्य आणि वसईचा ताबा या एकाच राजवटीतील घटना आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या दोन घटनांना जोडणारा दुवा म्हणजे जेझुइट संघ. १५४२ मध्ये कोइंब्रा येथे या संघाचे महाविद्यालय निघाले आणि पूर्वेकडे जाणाऱ्या मिशनऱ्यांची ती पाठशाळा ठरली. विद्यापीठाशी संलग्न असलेले कलामहाविद्यालयही १५५५ मध्ये संघाच्या हाती आले. गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालय याच परंपरेतले. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये तेथे आला. त्यावर प्रथम छापली गेली ती विद्यार्थ्यांच्या जाहीर वादविवादासाठी तयार केलेली तत्त्वज्ञानविषयक प्रमेये होती. भारतीय मुद्रणाचा आरंभ असा एका विद्यापीठीय विधीपासून झाला.

वसईत जेझुइट १५४८-४९ च्या सुमारास आले. किल्ल्यात ‘येशूचे पवित्र नाम’ हे चर्च आणि त्याला लागून महाविद्यालय उभे राहिले. त्या चर्चची दर्शनी भिंत आजही उभी आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे प्रारंभीचे शिक्षण जेझुइटांकडेच झाले. पुढे ते जपानला गेले, फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे त्यांना हौतात्म्य आले. वसईची शाळा जगाच्या व्यवहाराशी किती निकट जोडलेली होती, याची साक्ष या एका चरित्रातून मिळते.

१५९९ मध्ये संघाने आपल्या सर्व महाविद्यालयांसाठी एकच अध्ययनसंहिता निश्चित केली. व्याकरण, साहित्य, वक्तृत्व, तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या असा तिचा चढता क्रम होता. ग्रंथांची उणीव भासू नये म्हणून ग्रंथसंग्रहाच्या वाढीसाठी काही वार्षिक उत्पन्न राखून ठेवावे, असाही नियम तीत आहे. म्हणजे ग्रंथालयाची कल्पना या व्यवस्थेत नव्हती, असे म्हणता येणार नाही. नियम होता, तो कोणत्या संस्थेच्या आधारावर टिकणार, हा खरा प्रश्न होता.

३

कोइंब्रा विद्यापीठाचे प्रसिद्ध ग्रंथालय १७१७ ते १७२८ या काळात पाचव्या जुआंवच्या आश्रयाने बांधले गेले; त्याच्याच नावावरून त्याला जुआनिना म्हणतात. जाड भिंती, सोनेरी नक्षीच्या उंच मांडण्या आणि सुमारे ६०,००० ग्रंथ हे त्याचे वैभव. तेथे वटवाघळांनाही थारा आहे. ती रात्री ग्रंथांना उपद्रव करणारे कीटक खातात आणि त्यांच्या विष्ठेपासून रक्षण व्हावे म्हणून मेजांवर चामडे अंथरले जाते. ही हकिकत गमतीची वाटली, तरी तिचा अर्थ गंभीर आहे. ग्रंथांचे जतन हे रोज रात्री, न चुकता, पिढ्यान्‌पिढ्या करावयाचे काम आहे. ते करणारी संस्था अखंड असावी लागते.

जुआनिना पूर्ण झाल्यावर अकरा वर्षांनी, त्याच पाचव्या जुआंवच्या कारकिर्दीत, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. या विजयाच्या खुणा म्हणून चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर, मेणवली, भीमाशंकर येथे त्या आजही पाहता येतात. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीवर पोर्तुगीज लेख कोरलेल्या समाधिशिला राहिल्या, जे. गर्सन द कुन्य यांनी १८७६ मधील आपल्या चौल-वसईविषयक ग्रंथात वसईच्या अशा लेखांची दखल घेतली. धातू टिकला, दगड टिकला. ज्या महाविद्यालयात जवळजवळ दोन शतके अध्यापन चालले, त्याचा ग्रंथसंग्रह मात्र वसईत उरला नाही.

येथे एक सोपे स्पष्टीकरण चटकन सुचते : युद्ध झाले, सत्ता बदलली, ग्रंथ गेले. ते पुरेसे नाही, याचे कारण गोवे. जुने गोवे मराठ्यांनी कधीच जिंकले नाही, तरीही तेथे छापलेल्या मराठी ग्रंथांची अवस्था वसईपेक्षा फारशी वेगळी झाली नाही.

४

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे १६१६ मध्ये छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ तीन वेळा मुद्रित होऊनही त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मुद्रणामुळे संहिता चिरस्थायी होते, ही आधुनिक समजूत येथे उलटी पडते. छापील प्रती नष्ट झाल्या. टिकल्या त्या हस्तलिखित नकला. गोव्याच्या राजप्रतिनिधीने १६८४ मध्ये फर्मान काढून तीन वर्षांत स्थानिक भाषेचा त्याग करण्याचा हुकूम दिला. त्यानंतरही क्रिस्तपुराण जिवंत राहिले, ते मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत झालेल्या पठणामुळे आणि नकलांमुळे. अशा हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून त्याची रोमन लिपीतील आवृत्ती काढली. महानुभावांच्या पोथ्या ज्या मार्गाने टिकल्या, त्याच मार्गाने हे पुराणही टिकले, असे म्हणता येईल.

दुसरी संहिता लंडनमध्ये सापडते. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातील देवनागरी हस्तलिखित तेथील प्राच्यविद्या संस्थेत आहे; त्याच्याकडे विद्वानांचे लक्ष जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात वेधले. रोमन पाठात जेथे पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञा येतात, तेथे या पाठात बहुधा संस्कृत पर्याय योजलेले आढळतात. हा भेद केवळ पाठचिकित्सेचा नाही. स्टीफन्स यांची भाषादृष्टी कोणती, परक्या संज्ञा मराठीत रुजवण्याची की मराठीच्याच संचितातून नव्या संज्ञा घडवण्याची, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक कोणत्या संग्रहातील प्रत प्रमाण मानतो यावर अवलंबून राहते. बांदेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती, द्रागो यांची १९९६ ची आणि फालकाव यांची २००९ ची आवृत्ती यांचे मोल याच पार्श्वभूमीवर जोखावे लागते.

तिसरे उदाहरण ब्रागाचे. पोर्तुगालमधील या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात रामायण-महाभारतकथांची कोंकणी व मराठी हस्तलिखिते रोमन लिपीत जतन झाली आहेत. गोव्यातील मिशनऱ्यांच्या अभ्यासासाठी ती लिहून घेतली गेली. त्यांतील काही संहिता कृष्णदास शामा या सोळाव्या शतकातील ग्रंथकाराच्या नावाशी जोडल्या जातात. पणजीतील राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याचा उगम १८३२ मध्ये आहे, आज त्याच कृष्णदास शामाचे नाव धारण करते. नाव पणजीत आणि संहिता ब्रागात, ही परिस्थिती या इतिहासाचे सार सांगणारी आहे.

५

कोइंब्राचा संग्रह टिकला, हे श्रेय केवळ संपत्तीला किंवा राजाश्रयाला देता येत नाही. १७५९ मध्ये पोर्तुगीज राज्यातून जेझुइटांची हकालपट्टी झाली, तेव्हा त्यांच्या ताब्यातील एव्होराचे विद्यापीठही बंद पडले. राजाश्रय आणि अभ्यासपरंपरा असूनही बंद पडले, कारण ते संघाचे होते. कोइंब्राचे विद्यापीठ संघाचे नव्हते. जेझुइट गेले, १७७२ मध्ये पोंबालने अभ्यासक्रम मुळापासून बदलला, तरी संस्था राहिली आणि तिच्याबरोबर ग्रंथालय राहिले. वसई व गोव्याची महाविद्यालये एव्होराच्या जातीची होती. संघ गेला की संग्रहाला वाली उरत नसे. १८३५ मध्ये गोव्यातील इतर धर्मसंघही बरखास्त झाले, तेव्हा त्यांच्या मठांतील ग्रंथांचा काही भाग नव्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे वळला. पण त्या वेळेपर्यंत क्रिस्तपुराणाच्या शेवटच्या मुद्रणाला एकशे ऐंशी वर्षे उलटली होती.

याचा अर्थ असा, की युरोपीय विद्यापीठातून मराठी प्रदेशात अध्यापनपद्धती आली, छापखाना आला, वादविवादाची रीत आली. स्वतःच्या पायावर उभे असणारे, सत्ता आणि संघ यांच्या पलीकडे टिकणारे ग्रंथालय आले नाही. तंजावरच्या भोसल्यांचा सरस्वती महाल राज्य गेल्यावरही सार्वजनिक संस्था म्हणून टिकला, यावरून अशी संस्था येथे अशक्य होती असेही म्हणता येत नाही. ती उत्तर कोकणात घडली नाही, इतकेच.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयीचा एक रूढ निष्कर्ष या दृष्टीने पुन्हा तपासला पाहिजे. सतराव्या शतकातील बहर आणि त्यानंतरची दीर्घ शांतता असा त्याचा आलेख काढला जातो आणि त्या शांततेचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधले जाते. ती शांतता कितपत लेखनाची होती आणि कितपत संग्रहाची, याचा निवाडा झालेला नाही. जोवर तो होत नाही तोवर प्रतिभेविषयीचा निष्कर्ष घाईचा ठरतो. वसईच्या सामवेदी आणि वाडवळी बोलींतील लग्नगीते व कथा आज क्रिस्तपुराणाच्या नकलांच्याच स्थितीत आहेत : त्या समाजाच्या मुखात आणि घरगुती वह्यांत आहेत. त्यांचा संग्रह एखाद्या उत्साही व्यक्तीच्या कपाटात राहिला, तर तो त्या व्यक्तीइतकाच टिकेल. किल्ल्यातल्या महाविद्यालयाचा इतिहास वसईच्या अभ्यासकांना नेमके हेच शिकवतो.