द फेस ऑफ द टायगर

‘ए फॉर अँड्रोमेडा’ या बीबीसीच्या सात भागांच्या विज्ञानकथा मालिकेचा सहावा भाग. प्रथम प्रक्षेपण ७ नोव्हेंबर १९६१. लेखक : खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल आणि जॉन एलियट. मूळ मालिकेतील हा एकच भाग आज संपूर्ण उपलब्ध आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्याला आणखी एक महत्त्व आहे. ही मालिका दाखवली जात होती तेव्हा कोल्हापुरात जन्मलेले जयंत विष्णू नारळीकर केंब्रिजमध्ये हॉयल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होते.

मालिकेचे कथानक नजीकच्या भविष्यात घडते. नव्याने उभारलेल्या एका रेडिओ दुर्बिणीला देवयानी तारकासमूहाच्या दिशेकडून येणारे संकेत मिळतात. जॉन फ्लेमिंग हा तरुण शास्त्रज्ञ त्यांचा उलगडा करतो, तेव्हा तो एका प्रचंड संगणकाचा आराखडा निघतो. स्कॉटलंडमधील एका लष्करी तळावर तो संगणक बांधला जातो. पुढे तो जीवशास्त्रज्ञ मॅडलिन डॉनी हिला सजीव पेशी घडवण्याची कृती पुरवतो. प्रयोगशाळेतील क्रिस्टीन या साहाय्यिकेचा बळी घेऊन तो तिच्याच रूपाची एक स्त्री जन्माला घालतो. हीच अँड्रोमेडा. क्रिस्टीन आणि अँड्रोमेडा या दोन्ही भूमिका ज्युली ख्रिस्ती हिने केल्या. आसामातील चहामळ्यात जन्मलेली ही अभिनेत्री तोवर जवळजवळ अपरिचित होती. या मालिकेने तिचे नाव झाले. फ्लेमिंगच्या भूमिकेत पीटर हॅलिडे, तर डॉनीच्या भूमिकेत मेरी मॉरिस होती.

सहाव्या भागापर्यंत यंत्र सर्वांना हवेहवेसे झालेले असते. देशाच्या संरक्षणासाठी क्षेपणास्त्राचे गणित ते सोडवून देते आणि जखमा भरून आणणाऱ्या विकराची कृतीही सांगते. सरकारला त्यात सामर्थ्य दिसते आणि इंटेल नावाच्या व्यापारी संस्थेला नफा. (ही संस्था पूर्णपणे काल्पनिक. संगणकाच्या चिप बनवणारी त्याच नावाची कंपनी १९६८ साली स्थापन झाली.) यंत्र हे सारे कशासाठी देत आहे, असे विचारणारा फ्लेमिंग एकटा पडतो. शत्रूच्या रूपाने आलेल्या परग्रहवासीयांपेक्षा उपकारकर्त्याच्या रूपाने आलेले ज्ञान अधिक घातक ठरू शकते, ही मालिकेची मध्यवर्ती कल्पना या भागात सर्वांत स्पष्टपणे पुढे येते. बाकीचे भाग हरवले तरी नेमका हा वाचला, हे भाग्यच म्हणायला हवे. सातव्या आणि अखेरच्या भागात फ्लेमिंग यंत्र फोडतो आणि आराखडे जाळतो.

कल्पना हॉयल यांची होती आणि तिच्यामागे भक्कम विज्ञान होते. ताऱ्यांमधील अंतरे एवढी अफाट आहेत की यान पाठवण्यापेक्षा माहिती पाठवणे कितीतरी स्वस्त पडते. जुझेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन यांनी रेडिओ लहरींच्या साहाय्याने परग्रहांवरील संस्कृतींचा शोध घेता येईल, असे १९५९ साली मांडले होते. १९६० साली अमेरिकेत ग्रीन बँक येथे फ्रँक ड्रेक यांनी तसा पहिला प्रयत्नही केला. हॉयल यांनी एक पाऊल पुढे टाकले : संदेशात मजकुराऐवजी एखादे यंत्र बांधण्याची कृतीच आली तर? कार्ल सेगन यांच्या ‘कॉन्टॅक्ट’ या १९८५च्या कादंबरीचा गाभाही असाच आहे.

हॉयल यांच्यासाठी १९६१ हे वर्ष वादळी होते. विश्वाविषयीच्या त्यांच्या स्थिर स्थिती सिद्धान्ताला रेडिओ स्रोतांच्या गणनेने छेद दिल्याचा दावा केंब्रिजमधील मार्टिन राइल यांनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत केला. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत हॉयल यांची बाजू मांडण्याची जबाबदारी बावीस वर्षांच्या नारळीकरांवर येऊन पडली आणि त्यांनी ती निभावली. म्हणजे ज्या वर्षी गुरूच्या कथेत रेडिओ दुर्बीण संकटाची चाहूल देत होती, त्याच वर्षी प्रत्यक्षातल्या रेडिओ दुर्बिणीने त्यांच्या सिद्धान्तापुढे आव्हान उभे केले होते. प्रयोगशाळेतील ईर्षा, सरकारी दडपणे आणि शास्त्रज्ञांची हट्टी भांडणे या मालिकेत इतकी खरी वाटतात, कारण लेखक ती रोज जगत होता.

मराठी घरांपर्यंत ही मालिका पोचणे शक्यच नव्हते. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याच वर्षी नारळीकर भारतात परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. पुढे मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कार्यरत शास्त्रज्ञाने कथा लिहिण्यात कमीपणा नाही, हा हॉयल यांच्या आचरणातला धडा मराठीत असा रुजला. विज्ञानकथेकडे पोरखेळ म्हणून पाहणाऱ्या टीकाकारांना याहून चांगले उत्तर मिळाले नसते.

नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीशी मालिकेचे साम्य ठळक आहे. तिथेही परकी माहिती हाती लागते, तिच्या आधारे यंत्र घडते आणि ते माणसाच्या मुळावर उठते. फरक माहितीच्या उगमाचा. हॉयल यांचा संदेश आकाशातून येतो, तर नारळीकरांची पेटी जमिनीच्या पोटात, लोप पावलेल्या एका प्रगत संस्कृतीने ठेवलेली सापडते. त्यामुळे मराठी कादंबरीत परक्याच्या कपटापेक्षा आपल्याच पूर्वसुरींचा इशारा मोठा ठरतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती कल्पना अधिक खोल आहे.

त्या काळी बीबीसी जुन्या कार्यक्रमांच्या प्रती जपून ठेवत नसे. त्यात या मालिकेचे इतर भाग गेले, काही तुकडे आणि छायाचित्रे तेवढी उरली. सहाव्या भागाची प्रत २००५ साली एका खासगी संग्रहातून परत मिळाली. १९६२ साली दाखवलेला मालिकेचा उत्तरार्ध ‘द अँड्रोमेडा ब्रेकथ्रू’ मात्र शाबूत आहे. त्यात अँड्रोमेडाची भूमिका सुझन हॅम्पशायर हिने केली. इटलीच्या दूरचित्रवाणीने १९७२ साली आणि बीबीसीने २००६ साली मूळ कथा नव्याने सादर केली.