खेळाचा हंगाम

हंगाम हा शब्द मूळचा शेतकऱ्याचा. पेरणीचा हंगाम, सुगीचा हंगाम, ऊंस गाळण्याचा हंगाम हे त्याचे प्रयोग सर्वांच्या ओळखीचे आहेत. कॉलेजांतील खेळाडूंनीं तो आपलासा केला तो बऱ्याच उशिरां. आज पुण्यांतील एखाद्या कॉलेजच्या बास्केटबॉल-संघांतला विद्यार्थी ‘यंदाचा हंगाम’ म्हणतो, तेव्हां कॉलेज उघडल्यापासून परीक्षा डोक्यावर येईपर्यंतचा काळ त्याच्या मनांत असतो. खेळणें हें माणसाइतकेंच जुनें आहे. परंतु खेळाला हंगाम असणें ही गोष्ट अलीकडची होय. ती पुण्यांत कशी आली, आणि येतांना तिनें काय आणलें व काय आणलें नाहीं, याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

जुन्या पुण्याला संघापेक्षां तालीम अधिक ठाऊक होती. पेठापेठांतून तालमी असत आणि तेथें जोर, बैठका, कुस्ती व मल्लखांब यांची उपासना बारा महिने चाले. मल्लखांबाची परंपरा तर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांच्या नांवाशीं जोडलेली आहे. तालमींत गुरु असे, वहिवाट असे. छापलेलें नियमपुस्तक नसे. आट्यापाट्या, हुतुतू, खोखो हे खेळ सांघिक खरे, पण गांव बदललें कीं नियम बदलत. एका आळींत जो गडी बाद, तो दुसऱ्या आळींत बाद ठरेलच अशी खात्री नव्हती. नियम एक नाहींत तेथें दोन अनोळखी संघांनीं सामना कसा खेळावा? आणि सामन्यांची मालिकाच नाहीं, तर हंगाम कोठून यावयाचा?

हंगामाला लागणारी सामग्री कॉलेजांनीं पुरविली. फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं निघालें. न्यू पूना कॉलेज, ज्याला पुढें सर परशुरामभाऊ कॉलेज हें नांव मिळालें, तें १९१६ सालचें. एका वयाचे, एकाच वेळापत्रकानें बांधलेले शेंकडों तरुण एका गांवांत जमले; त्यांस मोकळी संध्याकाळ मिळाली, आणि चढाओढीला शेजारचें कॉलेज मिळालें. १९०६ सालीं डेक्कन जिमखाना स्थापन झाला व त्यानें १९१४ सालीं खोखोचे नियम बांधून दिले. हुतुतूचे नियम बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें १९२३ सालीं प्रसिद्ध केले. अंगणांतला खेळ अशा रीतीनें कागदावर आला.

याच्या थोडें आधीं अमेरिकेंत एक निराळाच प्रकार घडला होता. स्प्रिंगफील्ड येथील शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे शिक्षक होते. हिंवाळ्यांत बाहेर बर्फ, आणि आंत कवायतीला कंटाळलेले अठरा विद्यार्थी. डिसेंबर १८९१ मध्यें त्यांनीं तेरा नियम लिहून काढले, पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, आणि नऊ-नऊ गड्यांचा सामना लावून दिला. तोच बास्केटबॉल. गड्यांची संख्या पुढें पांचांवर आली. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शाखांबरोबर हा खेळ देशोदेशीं गेला व आपल्याकडेही पोंचला. खोखोंतही संघ नऊ गड्यांचाच, हा योगायोग गमतीचा आहे. महत्त्वाचा भेद मात्र दुसरीकडे आहे. तिकडे नियम आधीं जन्मले व खेळ मागाहून आला. इकडे खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत होता, नियम मागाहून आले. म्हणून तिकडच्या खेळाला पहिल्या दिवसापासून परगांवीं जातां आलें. आपल्या खेळास आधीं आपल्याच गांवांचीं भांडणें मिटवावीं लागलीं.

हा भेद १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकांत उघड दिसला. बास्केटबॉल तेथें प्रथमच पदकाचा खेळ झाला. अंतिम सामना उघड्यावर, भर पावसांत झाला. चिखलांत चेंडू उसळेना, आणि अमेरिकेनें कॅनडास १९ विरुद्ध ८ असें हरविलें. त्याच बर्लिनमध्यें अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें देशी खेळ करून दाखविले. एकाचा सामना झाला, दुसऱ्याचें प्रात्यक्षिक झालें. खोखोचा पहिला विश्वचषक दिल्लीस भरण्यास २०२५ साल उजाडावें लागलें.

नियमांनीं दिलेलें दान असें मोठें आहे. पण त्याची मर्यादाही पुण्यानेंच पाहिली आहे. पालवणकर बाळू हे कॉलेजची पायरी कधीं चढले नाहींत. पुण्यांतील गोऱ्यांच्या क्लबाचें मैदान राखतां राखतां ते गोलंदाजी शिकले. त्यांची फिरकी पाहून हिंदूंच्या क्लबानें त्यांस संघांत घेतलें, तेंही वादावादीनंतर. मैदानांत सर्वांचा चेंडू एक होता; चहाच्या वेळीं मात्र त्यांस निराळा मातीचा पेला बाहेर मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांहून अधिक गडी बाद केले, तरी हिंदू संघाचें कर्णधारपद त्यांस लाभलें नाहीं. तें त्यांचे बंधु विठ्ठल यांस १९२३ सालीं मिळालें. खेळाचा नियम सीमारेषेपर्यंत चालतो. तिच्या पलीकडचा नियम समाजास स्वतः लिहावा लागतो.

कॉलेजच्या संघाचा हंगाम पाहतांना ही गोष्ट विसरूं नये. परीक्षा आली कीं हंगाम संपतो, आणि दोन-चार वर्षांत संघांतले सर्व गडी बदलतात. ढाल कोणीं जिंकली हें कॉलेजच्या भिंतीवर राहतें. परंतु त्या संघांत कोणत्या घरचीं मुलें पोंचूं शकलीं आणि सामना संपल्यावर तीं एकाच पंक्तीस बसलीं कीं नाहीं, हें कोणत्याही गुणपत्रिकेंत लिहिलेलें नसतें. पिकाचा हंगाम दाण्यावरून जोखतात, तसा खेळाचा हंगाम या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून जोखावा, असें आमचें मत आहे.